सातवा फडका

वस्ताद, तो आठवा फडका मी फाडला होता.

काल दुपारपर्यंत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, माझ्या आईला नाही, तुम्हाला तर नाहीच. सतरा वर्षं हे एक वाक्य माझ्याजवळ होतं आणि मेहकरच्या आपल्या गॅरेजात तुम्ही रोज माझ्यापासून दहा हातांवर बसत होतात. तेवढं अंतर मला ओलांडता आलं नाही. तुम्हाला जाऊन आता चौदा दिवस झाले, तेव्हा मी कागद घेऊन बसलोय. बोलणं मला कधी जमलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. "गज्या, तुह्यापेक्षा जॅक बरा," तुम्ही म्हणायचात, "त्याच्यावर वजन पडलं की तो कुरकुरते तरी."

फडक्यांचं तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे दुसरं कोणी वाचेल, आणि वाचावं असं मला वाटतं, म्हणून लिहितो.

ट्रकचं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधायला घेतलं की त्याची भोकं जागोजागी उघडी पडतात. तेलाच्या वाटा, पाण्याच्या वाटा, टॅपेटच्या बाजूच्या खोबण्या. वाळूचा एक कण आत गेला तरी नवं बेअरिंग खरवडून निघतं, म्हणून त्या भोकांत कापड कोंबून ठेवायचं. दुसऱ्या गॅरेजांत हाताला येईल ती चिंधी चालते. तुम्हाला चालत नसे. काकूंचं, तुमच्या कारभारणीचं, जुनं सुती लुगडं, दोनदा धुऊन कडक वाळवलेलं, धागा न सोडणारं. त्याचे एकसारखे सात फडके तुम्ही स्वतः फाडायचात. इंजिन जसजसं बंद होत जाई तसतसा एकेक फडका बाहेर येई आणि बाकड्यावरच्या तारेला टांगला जाई. मग पहिल्यांदा चालू करण्याआधी मोजणी. तुम्ही केबिनमध्ये सीटवर बसून मोठ्यानं "एक" म्हणायचात. मी तारेजवळ उभा राहून पहिल्या फडक्याला हात लावून "हाव", म्हणजे हो, म्हणायचो. सात वेळा हाव आल्याशिवाय तुम्ही किल्लीला हात लावला नाही.

सुरुवातीला मला याचं हसू यायचं. "वस्ताद, हे काय शाळेची हजेरी हाय काय?" मी एकदा विचारलं होतं.

"हाव, हजेरीच हाय," तुम्ही म्हणालात. "जो हजर नाई, तो पोटात हाय."

आपलं जुनं गिऱ्हाईक बाबूभाई, त्यांच्या ट्रकच्या वेळी मी चौतिशीत होतो. दोन लेकरांचा बाप. तुमच्याकडे काम करून दहा वर्षं झालेली. हे वय मी सांगतोय ते सूट मागायला नाही, उलट त्यासाठीच की सूट मिळू नये. आदल्या दिवशी माझ्याकडून बोल्टखाली घालायचा एक वायसर जास्त उरला होता आणि तुम्ही बाबूभाईच्या देखत म्हणालात, "इतले दिवस झाले, तुले वायसर मोजता येत नाई काय बे? गाडी बांधून राह्यला का खेळनं?" तुम्ही ते पाच मिनिटांत विसरलात आणि मला अर्धा चहा दिलात. मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी उगाच तारेकडं पाहिलं. सहा होते. बाकड्याखाली पाहिलं, ट्रेमध्ये पाहिलं, स्वतःचे खिसे पाहिले. खरं तर पाहायची गरज नव्हती. टॅपेटच्या बाजूचा फडका मी कोंबला होता आणि हेड बसवताना तो मीच काढायचा होता. काढल्याचं मला आठवत नव्हतं. तो आत सरकला असणार, खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या भांड्यात.

त्याला उपाय होता. भरलेलं तेल काढायचं, खालून चेंबर उतरवायचं, पॅकिंग खरवडून नवं लावायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण बाबूभाई सकाळपासून दारात उकिडवे बसलेले, संग्रामपूरकडच्या बागेत त्यांच्यासाठी संत्रा तोडून ठेवलेला, आणि तुम्ही जेवून हात धुऊन येणार आणि पुन्हा त्यांच्यासमोर मला विचारणार की मोजता येत नाही काय. मी स्वतःला सांगितलं की फडका वाऱ्यानं उडाला असेल. वस्ताद, त्या दिवशी वारा नव्हता.

लुगड्याचा उरलेला तुकडा कपाटात होता. मी त्यातून एक फडका फाडला. नवा दिसू नये म्हणून त्याला जळकं तेल चोळलं, दोन बोटांनी, सगळीकडं सारखं. फाडणं घाबरून झालं असं म्हणता येईल. तेल चोळणं घाबरून होत नाही.

मग तुम्ही केबिनमध्ये बसलात. एक, हाव. दोन, हाव. सातव्याला माझा आवाज जरा मोठा आला असेल, कारण तुम्ही हसून म्हणालात, "ऐकू येते बे मले." इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तुम्ही खाली उतरून इंजिनच्या झाकणावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि नेहमीचे दोन शब्द बोललात, "बरं बोलते." बाबूभाईंनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

जानेफळ ओलांडल्यावरच्या चढावर ते इंजिन जाम झालं.

आपण तुमच्या मोटरसायकलवर गेलो. तुम्ही रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून ट्रकखाली शिरलात, मी वाकून पाने देत होतो. चेंबर खाली आलं आणि तुम्ही आत हात घातलात. तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर फडका घट्ट बसला होता, जखमेवर पट्टी बसावी तसा. तुम्ही तो सोडवला, तळहातावर पसरला. हिरव्या काठाची रेघ तेवढी दिसत होती. किती तरी वेळ तुम्ही ट्रकखाली तसेच पडून होतात.

"काय निघालं, वस्ताद?" बाबूभाईंनी वरून विचारलं.

"माही चूक निघाली," तुम्ही म्हणालात.

मी पाने पुसत होतो. एकच पाना, पुन्हा पुन्हा.

गॅरेजात आल्यावर तुम्ही तारेवरचे फडके मोजले. सात. काढून बाकड्यावर ठेवून मोजले. सात. त्यांच्या शेजारी आठवा ठेवला. तुमच्या डोक्यात जे हिशेबानं आलं असेल ते मला पाठमोरं असूनही कळत होतं, कारण दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. "म्याच आठ फाडले असतीन," तुम्ही म्हणालात. "मोजता मोजता ध्यान गेलं असन." तेव्हा मी हात धूत होतो. वळून फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी साबण लावत राहिलो. कोपरापर्यंत लावला.

ते इंजिन तुम्ही दुसऱ्यांदा बांधलंत, एकट्यानं, मला पानाही लावू दिला नाही. आणि त्यानंतर तुम्ही कधीच फडके फाडले नाहीत. लुगडं माझ्या हातात द्यायचात. "तू फाड, तूच मोज." किल्लीही मला दिलीत. गिऱ्हाइकानं म्हटलं की वस्ताद, पहिला सेल्फ तुमच्या हातचा पाहिजे, तर तुम्ही म्हणायचात, "मोजनारा चुकला त त्यानं मोजू नाई. पहिला सेल्फ गजू मारन." लोकांनी ते ऐकलं. हळूहळू लोक मलाच वस्ताद म्हणू लागले. जानेफळहून आलेला शेतकऱ्याचा पोरगा वस्ताद झाला, आणि तो कशाच्या जोरावर झाला हे त्या तारेला तेवढं ठाऊक होतं.

आपलं एक भांडण होतं, आठवतं? हेडचे बोल्ट हातानं कसायचे की टॉर्कच्या, किती जोर पडला ते काट्यावर दाखवणाऱ्या पान्यानं. मी हट्टानं तो पाना आणला होता आणि तुम्ही त्याला "गज्याचा थर्मामीटर" म्हणायचात. तुमचं म्हणणं, बोल्ट कधी थांबायचं ते मनगटाला सांगतो, काट्याला नाही. पाचेक वर्षं आपण त्यावर भांडलो, आणि खरं सांगू, मला त्या भांडणात मजा यायची. जानेफळच्या त्या चढानंतर आठवडाभरानं तुम्ही पहिल्यांदा तो पाना स्वतः उचललात आणि माझ्या हातात दिलात. "तुही मशीनच बरी हाय. आपल्या हाताचं आता काई खरं नाई." भांडण मी जिंकलो नव्हतो. तुम्ही सोडून दिलंत. अजूनही हेड कसताना मला वाटतं, तुमचं बरोबर होतं की माझं, ते ठरलंच नाही. ते आता ठरणारही नाही.

काकू तुम्हाला डोळे तपासायला बुलढाण्याला घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. परत आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "त्याले काय समजते? तो काय फडके मोजते?" मी हसलो. वस्ताद, मी खरंच हसलो.

तुमच्या चांगुलपणाचं मला ओझं होतं, असं लिहिलं तर ते फार सजवलेलं वाटेल. साधं सांगतो. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही जानेफळला आलात. बाकीच्यांसारखं गळ्यात पडणं तुम्हाला जमत नव्हतं. थोडा वेळ अंगणात बसलात, मग उठून घरामागं गेलात आणि दोन दिवस बंद पडलेली विहिरीवरची मोटार खोलून बसलात. कोणीतरी म्हणालं, अहो, आज कशाला? तुम्ही म्हणालात, "लोकं येतीन. घरात पानी पाह्यजे." पाणी चालू झालं. तुम्ही धोतराला हात पुसले आणि माझ्या खांद्यावर एकदाच हात ठेवलात, झाकणावर ठेवायचात तसा. तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. इतकं वाटलं होतं की मी "वस्ताद" अशी हाकही मारली. "बोल," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "चहा घेऊन जा."

तुम्ही मला तीनदा विचारलंत. तीनही वेळा मला जागा आठवते. एकदा बसस्टँडसमोरच्या टपरीवर, एकदा बाबूभाईच्याच ट्रकमध्ये खामगावला जाताना, आणि शेवटी तुमच्या घरी, खाटेवर, गेल्या महिन्यात. शब्द तेच. "गजू, त्या गाडीत आपलं नेमकं काय चुकलं असन बे? म्या त सातच फाडले होते असं मले वाटते."

पहिल्या दोन वेळी मी म्हटलं, "होते वस्ताद कवा कवा."

शेवटच्या वेळी मात्र मी म्हटलं, "तुमचं काई चुकलं नव्हतं, वस्ताद."

हे खरं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो होतो. पण मरणाच्या वाटेवरच्या माणसाला सगळेच असं सांगतात, आणि तुम्ही ते तसंच घेतलंत. हसलात. "लेकराले समजावल्यासारखं नको बोलू." त्यापुढं एक वाक्य जोडायचं होतं. काकू औषधाची वाटी घेऊन आत आल्या आणि मला उठायला निमित्त मिळालं.

बाबूभाईचा तो ट्रक तोच आहे. म्हातारा झाला, इंजिन पुन्हा उतरवावं लागलं. दिवाळीनंतर बांधायला घेतलं तेव्हा तुम्ही खाटेवरून निरोप पाठवला, "चालू कराच्या दिवशी मले न्या. खुर्ची टाका. निसतं पाहीन." मी खुर्ची धुऊन ठेवली. मनाशी ठरवलं की मोजणी झाली की बाबूभाईच्या समोर सांगायचं, म्हणजे मागं फिरता येणार नाही. इंजिन बसवून झालं, तेल भरायचं बाकी होतं, आणि त्या मंगळवारी सकाळी काकूंचा फोन आला.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मोठा मंडप होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण बोलले. ट्रकवाले, स्पेअरवाले, वॉर्डातली माणसं. एक जण म्हणाले, "शेवटी शेवटी हात चुकू लागला, नजर दगा देऊ लागली, तर स्वतःहून बाजूला झाले. असा मोठा माणूस." लोकांनी माना हलवल्या. मग माईक माझ्याकडं आला. मी म्हटलं, "वस्तादांनी मला शिकवलं." एवढंच. लोकांना वाटलं गळा दाटला. गळा दाटला नव्हता.

मंडप उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. पितळी डब्यातून घडी केलेलं लुगडं काढून दिलं. "बाबूच्या इंजनाले लागन." मी म्हटलं, फडके फाडून झालेत, काकू. तरी त्यांनी ते हातात ठेवलं आणि हात तसाच धरून ठेवला. "गजू, एक सांगू का? त्या वक्ती ते फडके फाडून राह्यले होते, म्या डबा घेऊन आलते, अन् भाच्याच्या लग्नाचं काढलं. म्याच त्याइले बोलन्यात लावलं. त्याइचं मोजनं माह्यापाई चुकलं. त्याइनं मले कवा बोललं नाई, पर मले मालूम हाय."

मी लुगडं घेतलं आणि आलो.

काल दुपारी इंजिनची तयारी पूर्ण केली. तुम्ही पाहत असता तर काय काय विचारलं असतं ते एकेक आठवून केली. तेल भरलं, तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून दोनदा पाहिली. हेड पुन्हा एकदा कसलं, आधी मनगटानं, मग पान्यानं. टॅपेटच्या फटी मोजल्या. पाणी भरून खाली पुठ्ठा ठेवला, थेंब पडतो का पाहायला. हातपंप दाबून डिझेलमधली हवा काढली, फेस जाऊन डिझेल निखळ येईपर्यंत. तुमची रिकामी खुर्ची होती तिथंच राहू दिली. बाबूभाई आले आणि खुर्चीत न बसता तिच्या शेजारी खाली बसले.

मी केबिनमध्ये चढलो. किल्ली लावली आणि मग लक्षात आलं की तारेजवळ कोणी नाही. इतकी वर्षं मीच मोजायचो आणि मीच हाव म्हणायचो, लोकांना दाखवायला. मी खाली उतरलो आणि बाबूभाईला सांगितलं. सगळं सांगितलं. वायसर, सहा फडके, कपाट, जळकं तेल.

बाबूभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सतरा साल," ते म्हणाले, "मी त्याइले माफ करून राह्यलो होतो. दर ईदले शिरखुर्मा घेऊन जाये, मनात म्हने, पाह्य बाबू, चूक झाली तरी तू मानूस सोडला नाई. मले वाटे मी लय मोठ्या दिलाचा." मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "मले काऊन सांगून राह्यला? ज्याले सांगाचं होतं तो गेला ना."



"जाय, बस वर," बाबूभाई उठत म्हणाले. "मोज."

ते स्वतः तारेजवळ गेले. मी एक म्हटलं. हाव. दोन. हाव. सातव्याला ते थांबले. फडका तारेवरून काढला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, काठ बोटानं चाचपला, पुन्हा टांगला. "हाव."

स्टॉपची वायर ओढून धरली, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि सेल्फ मारला. इंजिन कोरडंच फिरलं, तेल वर चढू लागलं. तेलाच्या दाबाचा काटा हलला, उठला, थांबला. आधी तेल, मग आग, हे तुमचं. मग वायर सोडली आणि पुन्हा किल्ली फिरवली. लागलं. थोडा धूर, मग स्वच्छ. काटा जागच्या जागी. मी उतरून बाजूला उभा राहिलो. झाकणावर कोणी हात ठेवला नाही. बरं बोलत होतं.

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो. काकू दारातच बसल्या होत्या.

"चालू झालं का बाबूचं इंजन?"

"हाव."

"एका झटक्यात?"

"हाव."

"फडके मोजले होते ना?"

"हाव."

चहा प्यालो आणि परत आलो.

तुमचं देणं आता फेडता येत नाही, वस्ताद, ते माझ्याकडंच राहील. काकूंचं फेडता येतं. त्यांच्या बोलण्यानं तुमची मोजणी चुकली नव्हती, तुम्ही सातच फाडले होते, आठवा मी फाडला, हे त्यांना सांगणं माझ्याकडं बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.